आसनांना चालण्याची जोड हवी

दोन वर्षांपूर्वीच्या १ जानेवारीची गोष्ट. दरवर्षीप्रमाणे आम्ही तळेगाव ढमढेऱ्याहून भीमा कोरेगावला विजयस्तंभास मानवंदना देण्यासाठी सहकुटुंब निघालो. गर्दीमुळे वाहने दूरच थांबवतात, पुढे पायी जावे लागते. तरुणपणी ती वाट आम्ही घोषणा देत सहज पार करीत असू. त्या दिवशी मात्र अर्ध्या वाटेतच घोषणा घशात अडकली. छाती लोहाराच्या भात्यासारखी हलू लागली. नववीतली मुलगी पाण्याची बाटली पुढे करीत म्हणाली, "पप्पा, तुम्ही तर रोज योगा करता ना?"

प्रश्न झोंबला, कारण तो खरा होता. २०१५ पासून २१ जूनला योगदिन साजरा होऊ लागला. तेव्हा ऑफिसात शिकवलेली ताडासन, भुजंगासन, वज्रासन अशी सात-आठ आसने आम्ही घरी चालू ठेवली होती. सकाळी वीस मिनिटे चटईवर आणि उरलेला दिवस खुर्चीवर! आमचे वडील लोकांच्या उसाच्या फडात राबले. व्यायाम हा शब्दही त्यांना ठाऊक नव्हता. आम्ही बी. कॉम. झालो, कारकून झालो. शिक्षणाने मिळवून दिलेल्या या खुर्चीचा आम्हाला अभिमान आहे. पण खुर्चीबरोबर पोट आले आणि ब्लड प्रेशरही आले.

सरकारी दवाखान्यात तपासले तेव्हा प्रेशर १५० वर ९६ निघाले. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली आणि समजावून सांगितले, "आसने सोडू नका. त्यांनी सांधे मोकळे राहतात, कंबर लवचीक राहते, तोल सांभाळतो, मन शांत होते. पण हृदय हाही एक स्नायूच आहे. त्याला रोज थोडा वेळ जोराने काम करायला लावले तरच तो बळकट होतो. सावकाश केलेल्या आसनांत नाडी तेवढी वाढत नाही."

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे : मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालले तरी पुरे. वेग ओळखण्याची खूण सोपी आहे. चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण भीमगीत गाता येऊ नये!

आम्ही घरी हे सांगितले तेव्हा आयुष्मती म्हणाल्या, "अहो, मी दिवसभर घरात फिरतेच की!" रांजणगावच्या कंपनीत पाळी करणारे आमचे मित्रही तेच म्हणाले. पण चुलीपुढे किंवा मशीनपुढे तासन् तास उभे राहिल्याने पाय दुखतात, हृदयाला व्यायाम होत नाही. याउलट आमचे दुसरे एक मित्र रोज घोड्यासारखे चालतात, पण खाली वाकून चपलेचा पट्टा लावता येत नाही. एकाकडे दम आहे, लवचीकपणा नाही. आमच्याकडे लवचीकपणा होता, दम नव्हता. दोन्ही एकाच शरीरात हवे.

विहारात हा विषय निघाला तेव्हा एका कार्यकर्त्याने विचारले, "योग हा आपला आहे का?" प्रश्न गैर नव्हता. आम्ही म्हणालो, आसनाला मंत्र लागत नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि आसनांचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनी मोजायला सुरुवात केली. मोजून पटते ते घ्यावे. श्वासाकडे लक्ष देणे, आनापान, हे तर तथागतांनीच शिकवले. आणि चालणे? अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : लांबचा प्रवास झेपतो, प्रयत्नांना बळ येते, आजार कमी होतात, अन्न पचते आणि साधलेली एकाग्रता टिकते. मग बैठक आपली आणि चालणे परके असे कसे म्हणावे?

आता आमचा नेम असा आहे. पहाटे मुख्य रस्त्यावर वाहनांची वर्दळ असते, म्हणून शिवारातल्या वाटेने अर्धा तास झपझप चालणे. पहिली पाच मिनिटे आणि शेवटची पाच मिनिटे सावकाश. घरी आल्यावर पंधरा मिनिटे आसने, पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष. सुरुवात मात्र दहा मिनिटांनीच केली. ज्यांना प्रेशर किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी श्वास कोंडून धरू नये, डोके खाली पाय वर अशी आसने करू नयेत. छातीत दुखले, चक्कर आली तर तिथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा.

हे सारे लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. आमचे थोरले बंधू चळवळीसाठी गावोगाव फिरले. रात्रीची जागरणे, वडापाव, चहा. तपासणीला वेळ नाही. बावन्नाव्या वर्षी ते गेले. बाबासाहेबांनाही मधुमेहाने पोखरले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली आणि ६ डिसेंबरला, वयाच्या ६५ व्या वर्षी, ते आपल्यातून गेले. धम्मदीक्षेनंतर त्यांना दोन महिनेही मिळाले नाहीत, हे आठवले की आजही काळजात कळ उठते. त्यांनी आपल्यासाठी देह झिजवला. आपण आपला देह आळसाने झिजवू नये.

यंदा १ जानेवारीला आम्ही न थांबता स्तंभापर्यंत पोहोचलो. प्रेशर १३० वर ८४ आहे. गोळी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने चालूच आहे. मुलगी पुढे होती. मागे वळून म्हणाली, "पप्पा, घोषणा द्या की!"

आम्ही दिली. खणखणीत दिली.