माडीवरचें व्हायोलिन

चर्चमध्यें वाजविणाऱ्याला श्रोते असतात, पण त्यांची पाठ त्याच्याकडे असते. गोव्यांतील आमच्या गांवच्या चर्चमध्यें गायकवादकांची माडी मुख्य दारावर, म्हणजे उपासकांच्या मागें होती. सर्वांची दृष्टि वेदीकडे, आणि आमचे सूर त्यांच्या मस्तकांवरून पुढें जाणारे. या रचनेंतील शहाणपण कळावयास मला फार वर्षें लागलीं.

मेस्तांनीं पहिलें वर्षभर मला व्हायोलिनला (आमच्याकडे त्याला रेबेक म्हणतात) हात लावूं दिला नाहीं. नुसतें दो-रे-मी, हातानें ताल धरावयाचा आणि कागदावरील स्वर मोठ्यानें म्हणावयाचे. त्या रुक्ष वर्षाचा सूड मीं सोळाव्या वर्षीं उगविला. उपवासकाळांतील मोतेत चालू होतें. दोन चरणांच्या मधल्या जागेंत मीं कागदावर नसलेली एक मुरकी घेतली. खालीं आठदहा माना मागें वळल्या! मला कोण आनंद झाला! मेस्त त्या वेळीं कांहींच बोलले नाहींत. जिना उतरतांना एवढेंच म्हणाले, “पुता, त्यांचीं तोंडें तूं इकडे फिरवलींस. आतां तीं परत वेदीकडे कोण फिरवणार?”

पुढें महाविद्यालयांत शिकवूं लागल्यावर वाचनांत आलें कीं, १९०३ सालीं पोप दहावे पायस यांनीं चर्चमध्यें पियानो, ढोल, झांजा यांना मनाई केली होती. आणि १९५५ सालीं बारावे पायस यांनीं गजानें वाजणाऱ्या वाद्यांची, मनाचे हर्षशोक प्रकट करण्याच्या त्यांच्या शक्तीबद्दल, मुद्दाम प्रशंसा केली. ढोलाचें मला ठाऊक नाहीं. पण अहंकाराला व्हायोलिनइतकें सोयीचें वाद्य माझ्या पाहण्यांत नाहीं. तें गळ्याशींच धरावें लागतें.

आतां पुण्यांत आम्ही सहाजण रविवारीं वाजवितों. पहिलें व्हायोलिन अर्थातच माझें. गेल्या वर्षापासून डाव्या करंगळीचा सांधा धरूं लागला आणि वरचे स्वर किंचित् उतरूं लागले. ‘सरां’ना सांगणार कोण? ईस्टरच्या तालमींत माझ्या शेजारीं बसणाऱ्या मुलीकडे सहज लक्ष गेलें. तिचा कान माझ्याहून चोख. तरी ज्या ज्या जागीं मी उतरत होतों, त्या त्या जागीं तिचें बोटहि हळूच मागें सरकत होतें. माझें उणें झांकावें म्हणून ती पोर बेसूर वाजवीत होती!

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. रागहि आला, तिचाच; हें कबूल केलें पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं मीं माझे कागद तिच्या घोडीवर ठेवले व तिचे उचलले. दुसऱ्या व्हायोलिनला करंगळीचें काम थोडें. “सर, हे तुमचे,” ती म्हणाली. “होते,” मीं म्हटलें.

ईस्टरच्या रात्रीं तिनें एकटीनें आरंभ केला. माझा प्रवेश चार मात्रागट उशिरां होता, म्हणून मी गज मांडीवर ठेवून कठड्यावरून खालीं पाहत होतों. एकहि मान वळली नाहीं.