भाटव्यांची काठी

आमची वाडी नागपूरच्या पश्चिमेला, अमरावती रोडवर. इथं कुठंही खणा, वर काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत आलेला लाव्हा थिजला, त्याचा हा दगड झाला म्हणतात. गिट्टीखदान जवळच. आता तिथं वस्तीचं नाव तेवढं राहिलं. काटोल रोडवरच्या जुनापाणीला याच दगडांची गोल वर्तुळं आहेत. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपल्या मेलेल्यांसाठी मांडलेली. आम्ही पोरं त्या दगडांवर बसून बोरं खायचो.

मोठी बाई दिली ती सावनेरकडे. भाटवे कोळशाच्या भूमिगत खाणीत टिंबरमन होते. महिन्याच्या महिन्याला पगार. मला त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? आमचं पीक पावसाच्या हाती, यांचं कोळशाच्या. अन् कोळसा तर पंचवीस कोटी वर्षांपासून खाली पडूनच आहे, कुठं जातो तो!

१९८६ साली माझी विहीर पाषाणाला लागली. सुरुंगाला पैसा नव्हता. भाटव्यांनी पाच हजार आणून दिले, कागद केला नाही. पाणी लागलं. पुढं अर्धेच फेडले अन् पारावर बोललोही, "त्यायले काय कमी हाय, खाणीचा पैसा." कोणीतरी ते त्यांच्या कानावर घातलं असणार. तरी ते येत राहिले.

त्यांची एक खोड होती. कुणाच्याही घरी गेले की काठीनं छताला, मयालीला ठोकून पाहायचे. माझ्या कोठ्यातली मयाल तर दरवेळी. मला राग यायचा. जसं काही हे आमच्या घराची किंमतच करतात.

रिटायर झाल्यावर चार वर्षांनी ते वारले.

२०१६ च्या शेवटी वेकोलि आणि पर्यटन महामंडळानं खाण दाखवायची सहल सुरू केली. सावनेरजवळ इको पार्क आहे, तिथं जमिनीवरच नकली खाण बांधली आहे. बाई म्हणाली, "बापू, मले घेऊन चाल. तीस वर्सं डब्बा देल्ला, पण जागा कदी पायली नाई."

बगिचा चांगला ठेवलेला. शाळेची पोरं फोटो काढत होती. आत बोगदा, अंधार, टोपीवर दिवा लावलेली मजुराची आकृती. कपडे फार स्वच्छ. बाई पुटपुटली, "माह्या हातानं साबण संपला नसता इतका." मी हसलो, ती हसली नाही.

दाखवणारा पोरगा सांगू लागला, की कोळसा काढला की वरचा दगड सुटू शकतो, म्हणून टेके लावतात. पाळीवर गेल्याबरोबर छत काठीनं ठोकून पाहायचं. भक्कम असलं तर ठण्ण वाजतं. पोकळ वाजलं तर सगळ्यांना मागं घ्यायचं, मग सुटा दगड पाडायचा नाहीतर टेका द्यायचा.

बाई तिथंच थांबली. मागची पोरं "आजी, चला न" म्हणू लागली. तिनं बांगड्यांचा हात वर करून नकली छताला ठोकलं. ते सिमेंटचं, काय वाजणार.

बाहेर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "तुह्या विहिरीचे पैसे त्यायनं रविवारच्या पाळ्या करून जमवले व्हते. मले सांगू नको म्हनत. म्हनत, त्याले लाज वाटंल."

मी काही बोललो नाही. काय बोलायचं होतं? उरलेले अडीच हजार आता कुणाला द्यायचे? बाईला देऊ केले असते तर तिनं घेतले नसते. चहा मात्र तिनंच पाजला, पैसे काढू देईना.

परतीला सूर्य बुडायला आला होता. घरी आल्यावर गोठ्यात गेलो, ढोरं बांधलेलीच होती. दाराआडची काठी घेतली अन् मयाल ठोकत गेलो. पहिल्या टोकाकडून ठण्ण, ठण्ण. भिंतीकडच्या टोकाला, बैल बांधतो तिथं, आवाज बदलला.

बैल सोडून बाहेर बांधला अन् मग पोराला हाक मारली.