एक फाईल, चाळीस स्विच

आमच्या शाळेत मी गणित शिकवते, उर्दूतून. संगणकाच्या जाळ्याशी माझा संबंध आला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. दहावीनंतर आयटीआय करून तो एका ठेकेदाराकडे नेटवर्कच्या कामाला लागला होता.

पनवेल आता पूर्वीचे राहिलेले नाही. २०१६ साली महानगरपालिका झाली, जुलै २०२० मध्ये योट्टा कंपनीचे ७२०० रॅकचे डेटा सेंटर सुरू झाले. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांना अशा इमारती बाहेरून ठाऊक. या मुलाचे काम तिथले नव्हे, लहानमोठ्या कार्यालयांतले. पण विद्या तीच.

कार्यालयातले संगणक ज्या पेटीला तारांनी जोडलेले असतात तिला स्विच म्हणतात. हिशेबाचे संगणक एका गटात, बाकीचे दुसऱ्या गटात, अशी विभागणी त्यात करता येते. या गटाला व्हीलॅन म्हणतात. नवा गट करायचा तर प्रत्येक स्विचमध्ये शिरून त्याच पाच-सहा आज्ञा टाइप करायच्या. स्विच चाळीस असतील तर चाळीस वेळा. चार मुले हे काम रात्रभर जागून करीत. एक दिवस ठेकेदाराने सांगितले, पुढच्या कंत्राटात हे 'ऑटोमेशन'ने होईल, ज्याला येईल तो राहील. ही एकट्या ठेकेदाराची लहर नव्हती. सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेतही फेब्रुवारी २०२० पासून दहा टक्के भाग याच विषयाचा आहे.

तो इंग्रजी कागदांचा गठ्ठा घेऊन घरी आला. "टीचर, हे वाचता येतं, पण समजत नाही."

मग दर रविवारी दुपारी आम्ही दोघे बसू लागलो. त्याने दोन जुने स्विच मिळवले होते. साधन होते अॅन्सिबल. मायकेल डिहान यांनी ते २०१२ मध्ये बनवले, २०१५ मध्ये ते रेड हॅटने घेतले, आणि ते फुकट मिळते. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६६ सालच्या कादंबरीत कितीही अंतरावर क्षणात निरोप पोहोचवणारे एक यंत्र आहे, त्याचे हे नाव. स्विचमध्ये वेगळे काही बसवावे लागत नाही. एका फाईलमध्ये स्विचची यादी, दुसरीत काय हवे ते लिहायचे.

हे 'काय हवे ते' समजायला आम्हाला तीन रविवार लागले. वर्गात मी म्हणते, "खिडकी बंद कर." ही झाली आज्ञा. इथे म्हणायचे असते, "खिडकी बंद असली पाहिजे." ती आधीच बंद असेल तर कोणी उठायचे नाही. म्हणून नीट लिहिलेली फाईल दहा वेळा चालवली तरी बिघडत नाही. एकाला एकाने कितीही वेळा गुणा, उत्तर एकच. हे उदाहरण दिल्यावर त्याचा चेहरा उजळला.

अडला तो समासाशी. या फाईलमध्ये प्रत्येक ओळ डावीकडून किती जागा सोडून सुरू होते यावर तिचा अर्थ ठरतो, आणि ती जागा टॅबने सोडलेली चालत नाही. उर्दूच्या वहीत समास उजवीकडे! दहा वर्षे उजवीकडून लिहिलेल्या मुलाला डावीकडची रिकामी जागा 'वाचायला' शिकवणे हे इंग्रजीपेक्षा अवघड निघाले. अल्-ख्वारिझ्मीच्या नावावरून 'अल्गोरिदम' शब्द आला, असे आमच्या सभांतून मोठ्या अभिमानाने सांगतात. खरे आहे ते, पण त्या अभिमानाने स्विच चालत नाही.

आणखी एक गोष्ट त्याच्या मनावर ठसवायची होती. हाताने चुकले तर एक स्विच बंद पडतो, फाईल चुकली तर चाळीसही एका दमात. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सअॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते, ते अनेकांना आठवत असेल. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीची सारी डेटा सेंटरे एकमेकांपासून तुटली. अशा आज्ञा अडवणारी तपासणीची व्यवस्था होती, पण तिच्यातच दोष होता. तेव्हा आमचा नियम ठरला. आधी जुन्या मांडणीची प्रत काढून ठेवायची. मग चेक मोडमध्ये, म्हणजे काहीही न बदलता, काय बदलेल ते पाहायचे. मग एका स्विचवर चालवायचे. बाकीचे त्यानंतर.

ज्या दुपारी दोन्ही स्विच एका फाईलने बदलले, त्या दुपारी त्याला आनंद झालाच. पण पडद्याकडे बघतच त्याने विचारले, "टीचर, चार का काम एक करेगा, तो बाकी तीनों का क्या?"

मी काही बोलले नाही. चहा ठेवायला उठले.

कंत्राट बदलले तेव्हा तो राहिला. बाकीच्या तिघांचे काम गेले. एक आता सामान पोहोचवण्याच्या गाडीवर आहे, दोघे नोकरी शोधताहेत. या दोघांना तो स्वतःच रविवारी माझ्याकडे घेऊन येऊ लागला. त्यांच्यातला एक पेणचा, मराठी माध्यमातून शिकलेला. आता प्रत्येक गोष्ट मी दोन भाषांत सांगते. समास मात्र त्याला समजावून सांगावा लागला नाही.