इंजिनाचा दम आणि कृष्णेचं पाणी

पुण्याहून बेळगावला मोटारीने निघालात की कागलच्या पुढे दूधगंगेचा पूल लागतो आणि तिथेच महाराष्ट्र संपतो. कोगनोळी मागे पडते, यमगर्णीला वेदगंगा येते आणि लगेच निपाणी. दोन नद्या ओलांडल्याचं गाडीतल्या कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये याच यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. महामार्गाची ही गत, तर आतल्या रस्त्यांचं काय विचारता!

आतले बरेचसे रस्ते बंधाऱ्यांवरून जातात. जत्राट–भिवशी, अक्कोळ–सिदनाळ, भोजवाडी–कुन्नूर, मलिकवाड–दत्तवाड, कल्लोळ–येडूर. ज्यांचं गाव या भागात आहे त्यांना ही जोडनावं पाठ असतात, कारण दर पावसाळ्यात पेपरात ती एकाच बातमीत येतात: बंधारे पाण्याखाली. दूधगंगा पुढे कल्लोळजवळ कृष्णेला मिळते. पलीकडे येडूरचं वीरभद्राचं देवस्थान. उन्हाळ्यात बंधाऱ्यावरून मोटारसायकलने पाच मिनिटांत जाता येतं. पूर आला की तेच अंतर कित्येक कोसांचं होतं.

अशा वेळी पूर्वी गुऱ्हाळाची काहील कामाला यायची. ज्यात उसाचा रस आटवून गूळ करायचा, तीच लोखंडी काहील पाण्यात सोडून माणसं आणि वैरण इकडून तिकडे न्यायची. अजूनही काही ठिकाणी नेतात. आता बऱ्याच गावांत फायबरची होडी आणि मागे लावायचं छोटं पेट्रोल इंजिन आलं आहे. काहिलीला बिघडायला काही नसतं. इंजिनाला मात्र असतं, आणि ते कळायला कान लागतो. हे मी गेल्या मे महिन्यात माझ्या मामांकडून शिकले.

मामांचं गाव चिक्कोडी तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. गावच्या होडीचं इंजिन तेच बघतात. पावसाआधी एकदा ते होडी पाण्यात घालून इंजिन ताणून बघतात. या वेळी मी आणि माझी मुलं बरोबर होतो. मामांनी आधी सगळ्यांच्या अंगात जॅकेट अडकवली आणि मगच दोरी ओढली.

पाणी संथ होतं. काठावरचा ऊस, मधूनच तंबाखूची मोकळी झालेली रानं, लांबवर एका देवळाचा कळस. पाचेक मिनिटं होडी झकास पळाली. मग नदीच्या मध्यावर तिचा वेग उतरला. मामांनी रेस वाढवली, तरी काही फरक नाही.

“प्लग गेला असंल,” मामांचा मदतनीस म्हणाला. तो कानडी बोलणारा, पण मामांशी मराठीतच बोलतो.

“लगेच पाना काढू नको. आधी ऐक,” मामा म्हणाले. “आवाज चढलाय का उतरलाय?”

सगळ्या तपासणीतला हा पहिला प्रश्न. आवाज चढला आणि होडी मात्र पळेना, तर इंजिन ठीक आहे, त्याची ताकद पाण्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे बिघाड खाली, पंख्यात. पंखा आणि दांडा यांच्यामधलं रबर घसरलं असेल किंवा पात्यांत काही अडकलं असेल. आवाज उतरला असेल, तर बहुतेक इंजिनालाच काहीतरी कमी पडतंय. पंख्याला घट्ट गुंडाळलेला दोर किंवा जलपर्णीसुद्धा आवाज उतरवते, म्हणून मामांनी इंजिन बंद करून, वर उचलून पंखा पाहून घेतला. पंचगंगेतली जलपर्णी शिरोळकडून कृष्णेत वाहत येते, तेव्हा हे बघावंच लागतं. पंखा मोकळा होता.

मग त्यांनी टाकीपासून इंजिनापर्यंत जाणारा पाइप हातात घेतला. त्याच्या मध्यावर एक रबरी फुगा असतो. सुरू करण्यापूर्वी तो दाबून पेट्रोल पुढे ढकलायचं. तो फुगा चपटा होऊन बसला होता.

“हे बघ,” मामा माझ्या मुलीला म्हणाले, “इंजिन पुढून ओढतंय आणि मागून काही येत न्हाई. मग अडलंय कुठं?”

“टाकीत?”

“बरोबर.”

टाकीच्या झाकणावर हवेचा एक छोटा स्क्रू असतो. टेंपोतून आणताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद केलेला असतो. तसाच राहिला तर पेट्रोल जाईल तशी टाकीत पोकळी होते आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. सुरुवातीची काही मिनिटं सगळं छान चालतं, मग इंजिनाचा घसा कोरडा पडतो. मामांनी स्क्रू सैल केला. सुस्सऽ करून हवा आत गेली, फुगा फुलला, इंजिन सुरू झालं.

मला वाटलं, झालं काम. पण पूर्ण रेस दिली की इंजिन अजूनही मध्येच मिस मारत होतं. मामा म्हणाले, “एक सापडलं म्हणून दुसरं नसतं असं न्हाई.” वल्हं हाताशी ठेवून त्यांनी सावकाश होडी काठाला आणली.

काठावर त्यांनी टाकीच्या तळातलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढलं आणि ती दगडावर ठेवून दिली. थोड्या वेळाने बाटलीत दोन थर दिसू लागले. वर पेट्रोल, खाली गढूळसर काहीतरी.

“नीरु!” मदतनीस म्हणाला. कानडीत नीरु म्हणजे पाणी.

यात एक गंमत आहे. आपल्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते इथे प्रामुख्याने ऊस आणि धान्यापासून बनतं. म्हणजे काठावर दिसणाऱ्या उसाचाच भाऊबंद टाकीत होता! इथेनॉल पाणी चटकन ओढून घेतं. अर्धी टाकी महिनोन् महिने दमट हवेत पडून राहिली, तर त्यात ओल साचत जाते. ती एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि इंजिन नेमकं तळातूनच ओढतं. टू-स्ट्रोक इंजिनाला ते जास्तच घातक, कारण त्याचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. तळातल्या त्या पाण्यात ते नसतं. इंजिन नुसतं अडखळत नाही, आतून घासलंही जातं.

मामांनी टाकी पूर्ण रिकामी केली. जुनं पेट्रोल नदीत नाही, डब्यात भरलं. गाळणी आणि कार्बोरेटरची वाटी साफ केली, प्लग काढून पुसले. इंजिन दोन सिलिंडरचं आहे. एक प्लग निकामी झाला तरी ते चालू राहतं, पण अर्ध्या ताकदीने आणि थरथरत. ताजं पेट्रोल आणि ऑइल घालून दोरी ओढली. मागून थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार येते की नाही, हेही मामांनी बघितलं. पुराच्या पाण्यात गाळ असतो. त्याने पाणी ओढायची भोकं बुजली तर धार थांबते, इंजिन तापतं आणि दम टाकतं.

होडी आता नीट पळाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मामा मात्र शांत होते. म्हणाले, “आज पाणी संथ हाय म्हणून आपण मध्यावर बसून विचार केला. पुरात इंजिन थांबलं तर होडी आपली राहत न्हाई, नदीची होती.”

मग माणसांच्या ओझ्याचा विषय निघाला. इंजिन चांगलं असूनही होडी उचलत नाही, याचं एक साधं कारण म्हणजे जास्त माणसं. 8 ऑगस्ट 2019 रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला याच कृष्णेच्या पुरात क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली होडी उलटली आणि अनेकांचे जीव गेले. त्यानंतर मामांनी होडीच्या कडेला पांढऱ्या रंगाने माणसांचा आकडा लिहून ठेवला आहे. त्याच्या वर ते कुणालाच घेत नाहीत, मग तो घरचा असो की पाहुणा.

आपल्यापैकी बरेच जण आता शहरांत, परदेशांत स्थिरावले आहेत. जुलै उजाडला की आपण गावी फोन करतो आणि विचारतो, “पाणी किती आलं?” या वर्षी फोन जूनमध्येच करा आणि आणखी दोन गोष्टी विचारा. होडी पाण्यात घालून बघितली का? आणि टाकीत पेट्रोल ताजं आहे ना?