पॉइंट माझे, पैसे कुणाचे?

गेल्या वर्षी आईला शिर्डी विमानतळावरून हैदराबादला नेलं. काकडीचं हे विमानतळ २०१७ साली सुरू झालं तेव्हा ती म्हणाली होती, "आपल्या कामाचं नाही बाबा ते." तिकिटांना माझ्या खिशातून जवळजवळ काहीच गेलं नाही. सगळं क्रेडिट कार्डाच्या पॉइंटवर. ही गोष्ट मी राहुरीपासून नगरपर्यंत भेटेल त्याला तोऱ्यात सांगितली. ज्यांना सांगितली त्यांच्यासाठी तिचा राहिलेला भाग आज लिहितोय.

आधी माझी युक्ती. कार्डावर खर्च केला की बँक पॉइंट देते. पण सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या माणसाचा खर्च असून असून किती असणार? म्हणून बँकेच्याच ॲपवरून दहा हजारांचं गिफ्ट कार्ड घ्यायचं. ऑफर असली की पॉइंट पाचपट. ते खरेदीच्या ॲपमध्ये भरायचं आणि त्यातून वीजबिल, रिचार्ज, विम्याचा हप्ता, किराणा. वीजबिल थेट कार्डाने भरलं तर पॉइंट नावापुरते. गिफ्ट कार्डाचा वळसा घेतला की शंभरामागे तीन रुपये. कंपनीत कुणाला मोबाईल घ्यायचा असेल तर "माझ्या गिफ्ट कार्डातून घे, पैसे मला टाक." असं करून महिन्याला पन्नास हजार फिरवले की दीड हजार सुटायचे. वर्षाचे अठरा हजार. बिल मी तारखेच्या आत पूर्ण भरायचो, एक रुपया व्याज नाही. मला वाटायचं, आपण बँकेला गंडवलं.

ही हुशारी जगभर चालते. अमेरिकेत तर लोकांनी सरकारी टांकसाळीकडून डॉलरची नाणी कार्डावर मागवली. पोस्टेजही सरकारचंच. नाणी आली की तशीच बँकेत भरायची, त्यातून कार्डाचं बिल द्यायचं, पॉइंट आपले. शेवटी २०११ च्या जुलैत टांकसाळीने या योजनेत कार्ड घेणंच बंद केलं.

माझा भ्रम मोडला तो राहुरीत, नानांच्या दुकानात. नाना म्हणजे माझे चुलते, किराणा दुकान आहे. दिवाळीचा बाजार त्यांच्याकडूनच केला, बरोबर दहा हजारांचा, आणि कार्ड पुढे केलं.

"फोनवरून टाक ना रे."

"नाना, पॉइंट मिळतात."

ते काही बोलले नाहीत, मशीन पुढे केलं. दुसऱ्या दिवशी फराळाला गेलो तर त्यांनी मोबाईल दाखवला. खात्यावर आले होते ९,७६४.

"तुला किती मिळाले?"

"शंभरेक रुपयांचे पॉइंट."

"माझे गेले दोनशे छत्तीस. तुला मिळाले शंभर. मधले एकशे छत्तीस कुणी खाल्ले?"

हिशेब सोपा होता. मशीनचा आकार शेकडा दोन, म्हणजे दोनशे रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, छत्तीस. दोनशेतून कार्ड देणारी बँक, कार्डाचं नेटवर्क आणि मशीनवाला आपापला वाटा घेतात आणि त्यातलाच तुकडा पॉइंट म्हणून माझ्याकडे येतो. खात्यातून साधं यूपीआय केलं असतं तर नानांचा एक रुपया गेला नसता, कारण १ जानेवारी २०२० पासून त्यावर दुकानदाराला आकार नाही. नाना एवढंच म्हणाले, "साखरेच्या किलोमागं मला रुपया सुटत नाही. बाकीची गिऱ्हाइकं रोख देतात, पण भाव सगळ्यांना एकच लावावा लागतो."

म्हणजे माझ्या पॉइंटचा भार शेवटी रोख देणाऱ्या म्हातारीच्या साखरेवरही पडतो.

गिफ्ट कार्डाची गोष्ट थोडी वेगळी. तिथे कंपनी बँकेला सवलतीत कार्ड विकते आणि त्यातला भाग बँक आपल्याला देते. पण बँकेला हे सगळं परवडतं ते आणखी एका गिऱ्हाइकामुळे. जो बिल पूर्ण भरू शकत नाही, त्याच्यामुळे.

तो माझ्या घरातच निघाला.

माझा धाकटा चुलत भाऊ नागापूर एमआयडीसीत कामाला आहे. विमानाची गोष्ट ऐकून म्हणाला, "दादा, मला पण शिकव." मी शिकवलं. एका ऑफरमध्ये त्याने ऐंशी हजारांची गिफ्ट कार्डं घेतली. मित्रांना देऊन पैसे गोळा करणार होता. काहींनी पैसे दिले, ते काकूंच्या दवाखान्यात गेले. काहींनी आजपर्यंत दिलेले नाहीत. उरलेली गिफ्ट कार्डं मोडता येईनात, कारण त्यातून रोख काढायची किंवा दुसऱ्याच्या खात्यावर पाठवायची सोय नसते. त्यात कंपनीने शिफ्ट कमी केल्या.

त्याने किमान रक्कम भरायला सुरुवात केली, साधारण चार हजार. त्याला वाटलं कर्ज फिटतंय. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी ऐंशी हजारांचं व्याज २,८००, त्यावर जीएसटी ५०४. चार हजारांतले सातशेही मुद्दलात जात नव्हते. वर, एकदा बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मला कधी गरज पडली नव्हती ना! ऐंशी हजारांवर त्याला पॉइंट मिळाले होते चोवीसशेचे. पहिल्या महिन्याच्या व्याजालाही ते पुरले नसते.

सहा महिने तो बोलला नाही. मग त्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, पोत पतसंस्थेत ठेवायचीय, तुम्ही जरा सोबत येता का?" गेलो. सोनेतारणाचा दर कार्डाच्या एक तृतीयांशही नव्हता. पोत तिथे ठेवून कार्ड फेडलं. काउंटरवर सही करताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

आता सार्वजनिक प्रश्न. ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं अनुचित आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटलं होतं. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा विषय, आयोगाचा नाही, असं कोर्टाचं म्हणणं. ठीक आहे, मग रिझर्व्ह बँकेने तरी कमाल दर ठरवावा. गावातल्या सावकाराला आपण कायद्याने दर लावून देतो, मग वर्षाला बेचाळीस टक्के घेणाऱ्या कार्डाला का नाही?

तोवर आपल्या हातातलं सांगतो. ओळखीच्या छोट्या दुकानात कार्ड काढू नका, खात्यातून यूपीआय करा. खात्यात आज जेवढे पैसे आहेत त्याच्या वर कार्ड वापरू नका. आणि कुणाला ही युक्ती शिकवणार असाल, तर आधी त्याचा पगार वेळेवर होतो का ते विचारा. मी विचारलं नव्हतं.

पोत अजून पतसंस्थेतच आहे. निम्मा हप्ता मी भरतोय. परवा बँकेचा मेसेज आला, या महिन्यात गिफ्ट कार्डावर दहापट पॉइंट. डिलीट केला.