आइसलँडची दैनंदिनी – भाग ४ : मतदानाआधीचे तीन दिवस

बुधवार, २९ मे २०२४

सकाळी आल्फ्तानेसला गेले. राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान, बेसास्टाधिर, तिथेच आहे. पांढऱ्या भिंती, तांबडं छप्पर, शेजारी चर्च आणि गवतापलीकडे समुद्र. आपल्याकडच्या सवयीनं, कुणी हटकेल म्हणून मी थबकले. कुणीच आलं नाही. आठ वर्षं इथे राहिलेले राष्ट्राध्यक्ष गुद्नी योहानेसन शनिवारच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उभे नाहीत, आणि रिंगणात तब्बल बारा जण आहेत.

दुपारी पाऊणच्या सुमारास ग्रिंडाविकजवळ जमीन पुन्हा फाटली, लाव्हा उसळला. हे गाव गेल्या नोव्हेंबरातच रिकामं केलेलं. घरमालकीणबाईंनी रेडिओ मोठा केला, हातातला कप खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

गुरुवार, ३० मे

इथे बहुतेकांना आडनावच नसतं. कात्रीन याकोब्सदोत्तिर म्हणजे याकोबची मुलगी कात्रीन. आपण नावापुढे वडिलांचं नाव लावतो ना, तसंच. फक्त गाडी तिथेच थांबते. म्हणून एप्रिलपर्यंत पंतप्रधान असलेल्या बाईंनाही सगळे नुसतं ‘कात्रीन’ म्हणतात. पद सोडून त्या या निवडणुकीत उतरल्या, ते घरमालकीणबाईंना पटलेलं नाही. “कालपर्यंत ज्यांनी कायदे केले, त्या उद्या ते अडवणार कशा?”

त्यांचा प्रश्न मला रास्त वाटला. इथलं हे पद बरंचसं मानाचं, पण राज्यघटनेच्या २६व्या कलमानं हातात एक लेखणी दिली आहे. राष्ट्राध्यक्षांनी कायद्यावर सही नाकारली की तो लोकांपुढे मतदानाला जातो. बुडालेल्या बँकेतल्या ब्रिटिश आणि डच ठेवीदारांचे पैसे जनतेनं फेडायचे का, यावर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओलाफुर राग्नार ग्रिम्सन यांनी सही अडवली आणि २०१० व २०११ मध्ये दोन्ही वेळा लोकांनी ‘नाही’ म्हटलं. पावणेचार लाखांच्या देशात ही सही कुणाच्या हाती द्यायची, हाच शनिवारचा खरा प्रश्न आहे.

शुक्रवार, ३१ मे

रात्रीचे अकरा वाजलेत, खिडकीत अजून उजेड आहे. बाई १९८० सालाबद्दल सांगत होत्या. त्यांचं ते पहिलं मतदान. एकटीनं मुलगी वाढवणाऱ्या, नाट्यसंस्था चालवणाऱ्या विगदिस फिन्बोगादोत्तिर तेव्हा चौघांत पहिल्या आल्या, अवघ्या ३३.८ टक्के मतांवर. दुसरी फेरी नसते. ज्याला जास्त मतं, तो जिंकला. लोकांनी थेट निवडून दिलेल्या त्या जगातल्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष. त्याआधी पाच वर्षं, २४ ऑक्टोबर १९७५ ला, देशातल्या बहुतेक बायकांनी एक दिवस काम थांबवलं होतं. “आई त्या दिवशी स्वयंपाकघरात गेलीच नाही,” बाई म्हणाल्या. “बाबांनी सॉसेज उकडली.” आणि त्यांचे डोळे भरून आले.

उद्या सकाळी नऊला मी त्यांच्याबरोबर मतदान केंद्रापर्यंत जाणार आहे. निकाल पुढच्या भागात.