बटण दाबायचे ८५ हजार!

लग्नाच्या खर्चात प्रत्येक घराची एक दुखरी जागा असते. कुणाकडे आचाऱ्यावरून वाजतं, कुणाकडे बस्त्यावरून, कुणाकडे मानपानाच्या साड्यांवरून. आमच्या ताईच्या लग्नात हे सगळं सुरळीत पार पडलं आणि गाडी अडली ती फोटोग्राफरवर. गंमत म्हणजे आमच्या घरातच एक फोटोग्राफर आहे. सख्खा मामा!

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मामाचा स्टुडिओ आहे. १९९८ पासून तो हेच करतोय. त्यामुळे याद्या झाल्या त्या रात्री वडिलांनी खर्चाच्या वहीत 'फोटो' या शब्दापुढे काही लिहिलंच नव्हतं. मामा आहे की! पण मामानेच हात जोडले. "दाजी, मी पोरीचा मामा हाय. तिला मांडवात मी आणायची, अक्षता पडताना तिच्या मागं मी उभं ऱ्हायचं. मग कॅमेरा कोण धरणार?" मुद्दा बिनतोड होता. नवरीच्या पाठीमागे उभा असलेला मामा एकाच वेळी तिच्या समोर असू शकत नाही, एवढं फिजिक्स आमच्या आजीलाही कळतं.

मग मामानेच शेजारच्या तालुक्यातला एक फोटोग्राफर सुचवला. धंद्यातला प्रतिस्पर्धी, पण "काम चोख करतो" असं प्रमाणपत्र देऊन. दोन दिवसांनी कोटेशन आलं. हळद आणि लग्न असे दोन दिवस, दोन फोटोवाले, दोन व्हिडिओवाले, ड्रोन, एक करिझ्मा अल्बम... एकूण रुपये ८५,०००. वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा तोच होता. त्यांच्या मनात ६० पर्यंतची तयारी होती.

"बटण दाबायचे पंच्याऐंशी हजार?"

वाक्य प्रतिस्पर्ध्याबद्दल होतं, पण लागलं मामाला. तो काही बोलला नाही, फक्त "वही द्या इकडं" म्हणाला.

इथे थोडं मागे जायला हवं. मामा या धंद्यात आला तेव्हा रोलचा जमाना होता. एका रोलमध्ये ३६ फोटो. लग्नाला आठ-दहा रोल, आणि गिऱ्हाईक रोल मोजून पैसे द्यायचं. रोल डोळ्यांना दिसायचा, निगेटिव्ह हातात यायची, पैसे कशाचे ते कुणाला सांगावं लागत नव्हतं. पुढे डिजिटल आलं. (जाता जाता, पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅकमधल्याच स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनिअरने बनवला, आणि रोलवर मोठी झालेली हीच कोडॅक २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचली. आपल्या जमातीचे प्रताप!) रोल गेला तसा हिशेबाचा दिसणारा भागही गेला. "आता रोल कुठं लागतो? कितीबी काढा की!" हे वाक्य मामा तेव्हापासून प्रत्येक बैठकीत ऐकतोय.

तर वही. मामाने एकेक ओळ लिहायला घेतली. रेट सगळे त्याच्याच भागातले, रोजचे. ट्रॅडिशनल फोटोवाला, म्हणजे स्टेजवर पाहुण्यांचे ग्रुप काढणारा, दोन दिवसांचे ७,०००. साधा व्हिडिओवाला ८,०००. सिनेमॅटिकवाला १४,०००. ड्रोन एक दिवस ५,०००. लाइट धरणारा पोरगा २,०००. गाडी-डिझेल ३,०००. अल्बम ९,०००. व्हिडिओचं एडिटिंग ९,०००. फोटोंचं करेक्शन आणि अल्बमचं डिझाइन ४,५००. हार्डडिस्क-पेनड्राइव्ह २,५००. बेरीज ६४,०००. हे सगळे पैसे दुसऱ्याचे, आणि यातले बहुतेक लग्न उरकलं की त्याच आठवड्यात द्यायचे.

राहिले २१,०००. वडिलांचा चेहरा जरा खुलला. "मग? एकवीस हजार सुटतातच की!"

"थांबा." दोन कॅमेरे, तीन लेन्स, फ्लॅश, कार्डं... सगळं मिळून सहा लाखांचं सामान, आणि ते चार वर्षं टिकतं असं धरायचं. मामाच्या भागात चांगल्या चालणाऱ्याला वर्षाला तीस लग्नं मिळतात. म्हणजे १२० लग्नांत सहा लाख, लग्नामागे ५,०००. आपण याला डेप्रिसिएशन म्हणतो, मामा 'झीज' म्हणतो. माझ्या मते मामाचा शब्द जास्त बरोबर आहे, कारण कॅमेऱ्यात खरोखरच झीज होते. त्याच्याकडच्या फाइव्ह-डी मार्क फोरचं शटर कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. एका लग्नात एका कॅमेऱ्यावर अडीच हजार क्लिक धरले तर साठ लग्नं, म्हणजे दोन वर्षं! त्यापुढेही चालतं, पण मग ते कुणाच्या मंगलाष्टकात बंद पडेल ते देवाला माहीत.

शिवाय दुकानभाडं, लाइट बिल, सॉफ्टवेअरची वर्गणी, विमा. महिन्याला १२,०००, वर्षाला १,४४,०००, तीस लग्नांवर वाटले की लग्नामागे ४,८००. पासपोर्ट फोटोचे सुटे पैसे येतात, पण त्यात चहापाणीच निघतं.

उरले ११,२००. दोन दिवस पहाटे पाचपासून उभं राहणं, आणि नंतर आठवडाभर कॉम्प्युटरपुढे बसून पाच हजार फोटो चाळणं, या सगळ्याचे.

मी शेजारी बसून मोबाइलवर गुणाकार केला. तीस लग्नांचे वर्षाला ३,३६,०००. फायनल इयरच्या मंडळींना हा आकडा ओळखीचा वाटेल! कॅम्पसला घाऊक भरती करणाऱ्या कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेज अनेक वर्षं याच घरात होतं. फरक एवढाच, की मामा २५ वर्षांच्या अनुभवानंतर फ्रेशर आहे, आणि त्याला पीएफ नाही.

"मग वर्षाला तीसच का? जास्त कर की," आई म्हणाली. इथे मात्र पंचांग आडवं येतं. आषाढी ते कार्तिकी एकादशी चातुर्मास, तेव्हा लग्नं जवळजवळ नाहीतच. पौष लोक टाळतात. अधिक महिना आला की तोही गेला, आणि २०२६ च्या पंचांगात अधिक ज्येष्ठ आहे १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन सीझनच्या पोटात. २०२४ च्या मेमध्ये गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त होता. उरलेल्या दिवसांत मुहूर्त दाट असला की एकाच तारखेला पाच जणांचे फोन येतात, पण मामा एकच. इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगायला नको... तीस लग्नांचे साठ दिवस भागिले ३६५, लोड फॅक्टर सोळा टक्के! अशा प्लान्टची वीज युनिटमागे महाग का पडते यावर आपण पेपरात पानभर लिहितो आणि मार्क मिळवतो. कार्यालयात गेल्यावर मात्र म्हणतो, "एका दिवसाचे एवढे?"

आणि काही वर्षं सोळा टक्केही मिळत नाहीत. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तो लग्नाच्या हंगामाच्या तोंडावर. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, राज्यात नियम आला: लग्नाला २५ माणसं आणि वेळ दोन तास. २५ माणसांत फोटोग्राफर मोजायचा की नाही यावर एका वधुपित्याने मामाशी अर्धा तास वाद घातला होता. त्या दोन सीझनमध्ये मामाने ॲडव्हान्स परत केले, एक मोठी लेन्स विकली आणि काही महिने भाजीचा टेम्पो चालवला. लेन्सचे हप्ते मात्र विकल्यानंतरही चालूच होते. हे आम्हाला त्या रात्री वहीवर पहिल्यांदा कळलं. आई उठून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

वडील बराच वेळ वहीकडे बघत होते. मग त्यांनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे मधला मार्ग काढला. "सत्तरला जमवू या का?"

मामा पहिल्यांदाच हसला. "जमंल की. त्याच्याकडं उरत्यात अकरा, तुम्ही कापताय पंधरा. तो न्हाई म्हणणार न्हाई, तारीख रिकामी ठेवण्यापरीस बरं. पण मग तो सात हजाराच्या माणसाच्या जागी तीन हजाराचं पोरगं आणंल, जे महिनाभरापूर्वी लाइट धरत हुतं. तुम्हाला कळायचं बी न्हाई. कळंल अल्बम आल्यावर. दाजी, पैसं कमी करायचं तर माणसं कमी करा. रेट नका पाडू."

मित्रांनो, मला त्या रात्रीच्या गप्पांत सगळ्यात उपयोगी वाटलं ते हे. कोटेशन खाली आणायचं असेल तर यादीतली एखादी ओळ खोडायची, नुसता शेवटचा आकडा खोडायचा नाही. ताईला विचारलं. ड्रोन तिनेच उडवून लावला. "आपल्या कार्यालयावर पत्रा आहे. ड्रोन काय पत्र्याचा फोटो काढणार?" प्री-वेडिंग तिला आधीपासूनच नको होतं. सुट्टीच्या दिवशी मेणवलीच्या घाटावर जोडप्यांची रांग असते आणि प्रत्येकाला त्याच पायरीवर बसायचं असतं. सिनेमॅटिक सोडताना मात्र तिचा चेहरा उतरला. तिच्या मैत्रिणींच्या सगळ्यांच्या तशा फिल्म आहेत. दोन दिवस ती वडिलांशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. शेवटी ड्रोनचे ५,०००, सिनेमॅटिकवाल्याचे १४,००० आणि त्याच्या एडिटिंगचे ४,००० असे २३,००० गेले. ठरले ६२,०००. वडिलांच्या साठात दोनच वर.

दरम्यान आमच्या हॉस्टेलवरच्या एका रूम पार्टनरने (नाव सांगत नाही, मेसमध्ये बसायचंय) उदार मनाने ऑफर दिली, "मी काढतो की फोटो, कॅमेरा आहे माझ्याकडे, फक्त जेवण द्या." गॅदरिंगचे त्याचे फोटो खरंच छान असतात. पण गॅदरिंगला फोटो हलला तर पोरं परत पोझ देतात. अक्षता एकदाच पडतात. वर हॅलोजनचा पिवळा उजेड, बाजूने एलईडी वॉलचा निळा, आणि ऐन क्षणी समोर मोबाइल धरलेले चाळीस हात. तिथे एटीकेटी नाही! मामा दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो घेतो आणि घरी गेल्यावर जेवायच्या आधी तिसरी कॉपी करतो. पार्टनरच्या कॅमेऱ्यात कार्ड एकच, आणि त्यात गेल्या टेक्निकल फेस्टचे फोटो अजून आहेत.

आता राहिला पैसे देण्याचा प्रकार. या धंद्यात साधारण ४० टक्के बुकिंगला, ४० लग्नाच्या दिवशी आणि २० अल्बम दिल्यावर, असं चालतं. ८५ हजारांचे २० टक्के म्हणजे १७,०००. वरचा ११,२०० आठवतोय ना? म्हणजे फोटोग्राफरची सगळी कमाई, आणि वर पदरचं थोडं, त्या शेवटच्या हप्त्यात असतं. आणि नेमका तोच अडकतो. कारण अल्बम करायला घरच्यांनी फोटो निवडून द्यावे लागतात, आणि घरचे निवडत नाहीत. नवरा-नवरी नोकरीच्या गावी जातात, सासरचे म्हणतात माहेरच्यांनी निवडावेत, माहेरचे म्हणतात सासरच्यांनी. मामाच्या कपाटात एक अख्खा कप्पा अशा हार्डडिस्कचा आहे. त्यातल्या एका लग्नातलं बाळ आता शाळेत जातं, आणि आईबापाचा अल्बम अजून व्हायचाय.

बहुधा हे ऐकलं होतं म्हणून असेल, पण लग्नाच्या संध्याकाळी, पाठवणी झाल्यावर, वडिलांनी त्या फोटोग्राफरला बाजूला बोलावून शेवटचे १२ हजारही तिथेच दिले. तो गडबडला, दोनदा "अल्बम झाल्यावर द्या की" म्हणाला. मामाने मात्र कपाळाला हात लावला. "सगळं आधीच दिलंत? दाजी, आता अल्बम दिवाळीला!" म्हणजे जात तीच, हेही खरं!

तसं काही झालं नाही. तीन आठवड्यांत पेनड्राइव्ह आला, आणि आता उशीर आमच्याच बाजूने चालू आहे. ताई पुण्यात, भावजींना सुट्टी नाही, आईला लॅपटॉप जमत नाही, म्हणून निवडीचं काम सबमिशनच्या तोंडावर माझ्या गळ्यात पडलंय. १,९०० फोटोंतून ३०० काढायचेत. फोटोग्राफरचे दोन फोन येऊन गेले, अगदी नम्र. रोज रात्री मेसनंतर शंभर असा वेग धरलाय, अकराशेच्या पुढे आलोय. मामा जवळजवळ प्रत्येक फोटोत आहे. फेटा बांधलेला, ताईच्या मागे. पण बघतोय ना ताईकडे, ना कॅमेऱ्याकडे. बघतोय डाव्या बाजूच्या लाइटच्या स्टँडकडे, कारण तो जरासा कलला होता. ११४२ नंबरच्या फोटोत तर भटजी मंगलाष्टक म्हणताहेत आणि मामा हाताने त्या पोराला खूण करतोय, सरळ कर म्हणून. तो फोटो मी सिलेक्शनमध्ये घेतलाय.